मेजवानीच्या चित्रातलं कमरेचं हाड

व्याहीबुवा ओमुराली यांस,

खर्र, खर्र, खर्र. हा आवाज आज सकाळपासून माझ्या कानात आहे आणि पत्राची सुरुवात मी त्यानंच करून बसलो. माफ करा, आधी सलाम. तुमची तब्येत, विहीणबाईंचे गुडघे, घोडी, घोडीचं शिंगरू आणि तुमच्या तलासकडचं घेवड्याचं पीक, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडे तेरेक-सायला आम्ही सुखरूप. तुमची लेक जिपार मजेत आहे (माझ्या चहात ती साखर कमी घालते, पण त्यात तुमच्या घराण्याचा दोष नाही, डॉक्टरांचा आहे). विनंती विशेष म्हणावी तर काहीच नाही, सहज आठवण आली. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही मधूनमधून "हं, हं" करता आणि माझी लय तुटते.

तर तो आवाज. मी शाळेत भाषा शिकवायचो तेव्हाचा आहे. बाहेर बर्फ, आत शेगडी, आणि मी डोळे मिटून आमच्या वाचनमालेतली कविता म्हणत होतो: "नदी म्हणाली दगडाला, सोड जरा वाट, दगड म्हणाला, घाई काय, घास आधी पाठ." तेवढ्यात मागून खर्र, खर्र. मला वाटलं उंदीर. कविता मी पूर्ण केली (कविता मी अर्धवट सोडत नाही, एकदा भूकंपातही सोडली नव्हती) आणि मागं जाऊन पाहिलं, तर बुरुलचा नावाची चिमुरडी खिळ्यानं शेगडीच्या पत्र्यावर ओरखडे काढत होती. पत्र्यावर नदी होती. नदीत दगड होता. आणि दगडाला, व्याहीबुवा, माझं नाक होतं. ती कविता मी पुढं जन्मभर शिकवली, पण त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढं जी नदी येते ती त्या पत्र्यावरची. शब्द कवीचे, पाणी मात्र तिनं आणलं.

या बुरुलचाला तुम्ही ओळखता. लग्नात तुम्ही जिचे नान तीन वेळा मागून घेतले, ती भट्टीवाली. चित्रकला तिला कुणी शिकवली नाही. पहाटे कणीक मळून झाली की ओट्यावर जे पीठ उरतं त्यावर ती बोटानं चित्र काढते: खिंडीतून उतरणारे घोडे, भांडणाऱ्या जावा, बसच्या काचेवर झोपलेलं तोंड. मग त्याच पिठावर पुढचा नान लाटते. म्हणजे हिशेब केला तर गेली वीसेक वर्षं आमचा गाव तिची चित्रं चावून खातोय, आणि वर म्हणतोय की मीठ जरा कमी आहे. रंग तिचे घरचेच. काजळी भट्टीच्या धुराड्यातली, तपकिरी अक्रोडाच्या सालीचा, पिवळा कांद्याच्या टरफलांचा. कुंचले ती आपल्या बोकडाच्या दाढीचे करते. त्या बिचाऱ्याची दाढी दर चित्रागणिक विरळ होत गेली आहे आणि हल्ली तो माणसांसमोर मान खाली घालून उभा राहतो.

कागद मात्र तिला माम्बेतनं दिला. माम्बेत म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात वडील माणूस, वरच्या हवामान केंद्राचा जुना राखणदार. केंद्र बंद पडलं तेव्हा तिथल्या जाड कागदाच्या गुंडाळ्या त्यानं घोड्यावर घालून खाली आणल्या आणि तिच्या दारात टाकल्या. म्हणाला, "पोरी, हवा काय, कशीही वागते. तू यावर माणसं काढ." तिचं पहिलं खरं चित्र त्या कागदावर आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

यंदा वसंतात बिश्केकच्या एका प्रकाशकानं तिची चित्रं कुठूनशी पाहिली आणि आपल्या लोककथांच्या पुस्तकासाठी चित्रं काढायला सांगितलं. अख्खं पुस्तक. आता बुरुलचाची एक अडचण आहे (मी तिला अडचण म्हणतो, आमची ही, सुयुन, तिला इमान म्हणते): पाहिलेल्या माणसाशिवाय तिला काढता येत नाही. राक्षस हवा असला तरी तिला आधी कुणीतरी समोर बसलेलं लागतं. तेव्हा खान, वजीर, चेटकीण, लांडगे, सगळे आमच्या गावातूनच गेले. चित्रं पुरी झाल्यावर तिनं ती अंगणातल्या दोरीवर कपड्यांसारखी टांगली आणि आम्ही सारा गाव बघायला गेलो.

काय सांगू. कथा त्याच, आजीच्या तोंडून ऐकलेल्या. पण बर्फात लांडग्याची पावलं पाहिली आणि माझ्या पायांना थंडी वाजली. तंबूतल्या लोकरी नमद्यावरची नक्षी तिच्या आईच्या हातची, टाक्यांसकट. मरणाऱ्या घोड्याच्या डोळ्यात एक बारीक खिडकी होती आणि त्या खिडकीत त्याचा मालक. तिथं मी जरा जास्त वेळ उभा राहिलो. सुयुन चेटकीण झाली आहे. मला वाटलं आता भडका उडणार, तर ही जवळ जाऊन म्हणाली, "टाचा बरोबर काढल्यास गं. माझ्या टाचांकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं," आणि माझ्याकडे पाहिलं. मला आशा होती की पुस्तकात एक म्हातारा शाहीर आहे तो मी असेन. शाहीर म्हणून आमचा पशुवैद्य बसला आहे. मी ओढ्याकाठचं गाढव आहे, डोळे मिटून पाण्याचा आवाज ऐकणारं. अर्धा दिवस मला राग होता. मग त्या गाढवाच्या चेहऱ्यावरचं सुख मला दिसलं, आणि वाटलं, हिनं पत्र्यापासून आजपर्यंत मला नीट पाहिलं आहे.

आणि मग मेजवानीच्या चित्रापाशी माम्बेत थांबला.

कथा तुम्हाला ठाऊक आहेच: खानाच्या मेजवानीत दरोडेखोर वेषांतर करून बसतो. वजीर माम्बेत. दरोडेखोर बेइशेन, माम्बेतचा शेजारी, त्याच्याहून एका हिवाळ्यानं धाकटा. माझ्यासारख्या भाबड्याला वाटलं, दरोडेखोर केलं म्हणून बेइशेन रुसेल. पण बेइशेन अंगणात लग्नातल्या नवऱ्यासारखा हिंडत होता. कारण चित्रात मेंढ्याचं कमरेचं हाड त्याच्या पुढ्यात होतं. वजीर माम्बेतच्या पुढ्यात मांडीचं.

कमरेचं हाड पंगतीतल्या सगळ्यात वडिलांचं, हे तुम्हाला मी काय समजावणार. वडिलांना डावलून धाकट्यापुढं कमरेचं हाड! आमच्या गावात माणूस एकवेळ लांडगा म्हणून घेईल, चोर म्हणून घेईल, गाढव तर मी स्वतः आहे. पण हाड चुकलेलं कुणी गिळणार नाही. माम्बेतनं टोपी नीट केली आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरचं माणूस नान न्यायला येईना. जिपारनं पाहिलं, तो अंगणात बसून स्वतः कणीक मळत होता, आणि ती त्याच्या कोपरापर्यंत चढली होती.

मी बुरुलचाला विचारलं, पोरी, तू याच गावची, असं कसं केलंस? ती म्हणाली, "सर, त्या कोपऱ्यात फार अंधार झाला होता. तिथं काहीतरी पांढरं हवं होतं. कमरेचं हाड सगळ्यात रुंद." बस. तिनं माणूस पाहिला नव्हता, मान पाहिला नव्हता, उजेड पाहिला होता. मी तरी काय बोलणार? यमक जुळावं म्हणून मी एका कवितेत माझ्या थोरल्या भावाला धाकटा केलं होतं.

पण खरी गोची पुढं आहे. शुक्रवारच्या गाडीनं चित्रं बिश्केकला गेली नाहीत तर पुस्तक तिथल्याच एका चित्रकाराला मिळणार (त्याचं काम मी पाहिलं आहे, त्याच्या माणसांना गुडघे नसतात). आणि बुरुलचा म्हणते, माम्बेतदादांच्या कागदावर माम्बेतदादांचा अपमान काढून मी पाठवणार नाही, पुस्तक गेलं तर जाऊ दे. हाड मिटवायला गेली तर कडेची काजळी निघेना, कागदच सोलायला लागला. दुसऱ्या कुठल्या पांढऱ्या वस्तूनं भागेना. नवं चित्र काढावं तर गुंडाळ्या संपल्या आहेत. एक वीतभर तुकडा उरला आहे.

मी बेइशेनकडे गेलो. म्हटलं, बाबा, तू मोठेपणा घे, आपण होऊन सांग की हे हाड माझं नाही. त्यानं माझ्या वाटीत चहा ओतला. मग म्हणाला, "मास्तर, जन्मभर मी मांडीचं हाड खाल्लं. कमरेचं मला केव्हा मिळणार? माम्बेत मेल्यावर. आणि तो मरावा असं मला वाटत नाही, चांगला शेजारी आहे. चित्रात तरी राहू द्या की." इकडे नदी, तिकडे दगड, आणि मध्ये मी, गाढव.

असो. दोन्ही म्हातारे तुमची आठवण काढतात. विहीणबाईंना सलाम, शिंगराच्या कपाळावर माझ्यातर्फे हात फिरवा. कळावे, लोभ आहेच, तो फोनवरही असू द्यावा.

आपला व्याही,
काल्मुरात

ता. क. विनंती काही नाही असं वर लिहिलं, ते रीत म्हणून. सुयुन म्हणते, आता सांग. तोड तिचीच आहे. तुम्ही माम्बेतहून वडील, शिवाय व्याही, शिवाय पाहुणे. कमरेचं हाड तुमच्या पुढ्यात गेलं तर दोघांपैकी कुणालाच कमीपणा नाही. माम्बेत म्हणाला, "तलासच्या व्याह्यांपुढं असेल तर बोलणंच खुंटलं." बेइशेन म्हणाला, "पाहुण्याला दिलं म्हणजे मी हरलो नाही, मी वाढलं." त्याला बुरुलचा उरलेल्या कोपऱ्यात वाजंत्री म्हणून बसवते आहे. तुमचं डोकं ती त्या वीतभर तुकड्यावर काढून बेइशेनच्या डोक्यावर चिकटवेल. पण न पाहता तिला काढता येत नाही आणि लग्नात तिनं तुम्हाला पाहिलं ते नानच्या आडून. तेव्हा शुक्रवारच्या आत या.

ता. क. दुसरा. दाढीला कात्री लावू नका. बुरुलचा म्हणते, चाळीस वर्षांची ती पांढरीशुभ्र दाढी त्या अंधाऱ्या कोपऱ्यात आली तर उजेडाचा प्रश्नच मिटला. हाडावर थोडी सावली टाकता येईल, म्हणजे ते कुणाच्या डोळ्यांतही खुपणार नाही. सारी भिस्त दाढीवर आहे. आमच्या बोकडाकडून आता काही आशा नाही.

ता. क. तिसरा. तुम्ही दरोडेखोर असाल, हे वर नीट स्पष्ट झालं की नाही कळत नाही. वेषांतरातला आहे, फार सभ्य दिसतो.

ता. क. चौथा. पत्र पाकिटात घालत होतो (बुरुलचा समोरच बसली आहे, पत्ता लिहून द्यायला आली होती) तोच कुत्रा भुंकला. सुयुननं दार उघडलं. दारात एक गुळगुळीत माणूस उभा आहे. मी ओळखला नाही. मग त्यानं खाकरून घसा साफ केला, आणि व्याहीबुवा, ते तुम्ही आहात. जिपारनं म्हणे परवाच तुम्हाला फोनवर सांगितलं की बाबा, पुस्तकात तुमचं चित्र येणार आहे, या. आणि पुढचं सांगायच्या आत तुम्ही फोन ठेवलात. आता तुम्ही दारातच उभे राहून अभिमानानं सांगताय की चित्र यायचं म्हणून बाजारातल्या न्हाव्याकडून नीट होऊन आलो. सुयुन भिंतीला टेकली आहे. जिपारनं तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक धरलं आहे. मी काय करावं न सुचून तुम्हालाच पत्र लिहितो आहे.

बुरुलचा मात्र उठली आहे. तिनं तुम्हाला सलामही केला नाही. तुमची हनुवटी दोन बोटांनी धरून ती खिडकीकडे वळवते आहे. कपाळ, गाल तुमचे उन्हानं रापून खोगिरासारखे झालेत, पण दाढीखालच्या त्या कातडीनं चाळीस वर्षांत सूर्य पाहिलेला नाही, व्याहीबुवा. पिठानं भरलेल्या ओट्यासारखी पांढरी आहे ती, खाली आलेल्या चंद्रकोरीसारखी.

"हलू नका," ती म्हणतेय. "हा उजेड पुरेल."

आणि लगेच कागदावर: खर्र, खर्र, खर्र.