घरभेट शुल्क पुन्हा लावण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
'पुनर्वापर' ऑनलाइन विक्री सेवा,
अंधेरी (पूर्व), मुंबई.

विषय : माझ्या विक्रेता खात्यावरील घरभेट शुल्क पूर्ववत सुरू करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या ग्राहक सेवेशी फोनवर वारंवार झालेले बोलणे.

महोदय,

१. मी पंतनगर, घाटकोपर (पूर्व) येथे चौथ्या मजल्यावर एकटा राहतो. माझी पत्नी चंपा गेल्या वर्षी वारली. मुलगा प्रितम नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. घरात भरल्या घराचे सामान तसेच पडून असल्याने त्याने माझ्या मोबाइलवर आपले ॲप घालून दिले व "बाबा, नको ते विकून टाका," असे सांगितले.

२. प्रथम डिनर सेट आठशे रुपयांस विकला. खात्यात पाचशे चौसष्ट जमा झाले. फरक कशाचा ते समजेना. ग्राहक सेवेने "शुल्कं ॲपमध्ये दिलेली आहेत, सर," एवढेच कळविले.

३. त्यानंतर मुलुंडहून तेजल नावाच्या बाई मोठा कुकर नेण्यास आल्या. त्यांनी चहा घेतला. चंपा या कुकरमध्ये काय काय करीत असे, ते आपणहून विचारले. बऱ्याच दिवसांनी मी इतका वेळ बोललो. मग माझा मोबाइल हातात घेऊन त्यांनी डिनर सेटचा हिशेब समजावला : "हे बघा काका, ऐंशी कंपनीचं कमिशन, वीस तुमच्या खात्यात पैसे पाठवायचे, शंभर घरभेटीचे. म्हणजे घेणारा वर घरी येऊन वस्तू बघतो ना, त्याचे. आणि या सगळ्यावर जीएसटी छत्तीस. घरभेट कशाला हवी? वस्तू वॉचमनकडे ठेवायची, झालं काम!" असे म्हणून त्यांनी ती सोय तिथल्या तिथे बंद करून दिली. त्यांचा हेतू चांगला होता. मीही आभार मानले. काय बंद झाले ते त्या गेल्यावर उमगले.

४. तेव्हापासून मिक्सर, भिंतीवरचे घड्याळ, पाहुण्यांच्या गाद्या वॉचमनच्या केबिनमधूनच परस्पर गेल्या. गाद्या नेणारे गृहस्थ त्या टेम्पोत चढवताना मला खिडकीतून दिसले. ते वर पाहतील म्हणून मी उभा राहिलो होतो.

५. घरभेट एकदा बंद केल्यास आपल्या मंजुरीशिवाय पुन्हा सुरू होत नाही, असे ग्राहक सेवा सांगते. शिवाय, "सर, यात तुमचाच फायदा आहे," असेही प्रत्येक वेळी सांगते.

६. शुल्कमाफीची माझी मागणी नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे. शुल्क दुप्पट केले तरी माझी हरकत नाही. माझ्याकडील नको असलेल्या वस्तू संपत आल्याने मी आपल्याच ॲपवरून एक लाकडी स्टूल विकत घेतले आहे. ते आणण्यास स्वतः जोगेश्वरीला गेलो होतो. विकणाऱ्या बाईंनी ते दारातूनच हाती दिले. मंजुरी मिळताच ते विक्रीस ठेवण्याचा मानस आहे.

७. तरी माझ्या खात्यावर घरभेट शुल्क लावण्याचा आदेश व्हावा. प्रत्यक्ष पाहणी आवश्यक वाटल्यास आपला माणूस अवश्य पाठवावा. आधी कळविण्याची गरज नाही. मी घरीच असतो.

संपूर्ण शुल्क भरण्यास तयार असलेला
आपला नम्र विक्रेता,
(सही)
राजाराम धोंडिराम गवई

ठिकाण : घाटकोपर
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४

सोबत :
डिनर सेटच्या विक्रीतील कपातीचा तपशील.
बसस्टॉपपासून घरापर्यंतचा, हाताने काढलेला नकाशा.