अण्णांचा मोफत महिना

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्या लाँड्रीच्या मशीनपुढे माझा आवाज टिकत नाही, म्हणून पत्र. मानवजातीवरच्या एका घोर अन्यायाची आधी नोंद घे: गिऱ्हाइकांच्या ऑफिसातला सोफा. इतका खोल की बसल्यावर गुडघे कानाला लागतात, आणि मालक बाहेर आला की आपण उठेपर्यंत तो परत आत गेलेला असतो.

आमचं मालाच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर दरमहा वर्गणीवर विकायला मी असे सोफे झिजवतोय. खोकीवाला म्हणाला, छान आहे, विचार करून कळवतो. त्यानं लग्नाच्या वेळीही असंच सांगितलं असणार.

सगळ्यांत थोर जमात मोफत महिन्यावाल्यांची. महिना सरला की पुढचाही फुकट मिळावा म्हणून मालकाच्या नावाच्या जागी बायको, बायकोनंतर मेव्हणा. काल त्या यादीत आपले अण्णा दिसले. जाऊन सहा वर्षं झाली, आणि आता त्यांनी तुझ्याच पत्त्यावर लाँड्री काढली आहे. आधी तू, मग भावजी, आता ते. पुढे विहीणबाई का?

या महिन्यात पैसे भरणारं एक तरी गिऱ्हाईक आण, नाहीतर घरी बस, असं साहेबांनी बजावलंय. अशात सख्खी बहीण फुकट वापरते, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

लोभ असावा, पण तो तरी मी फुकट मागत नाही.
तुझा धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझ्या नाकाला झोंबलेल्या मिरच्या पोचल्या. हो, अण्णांना मीच कामाला लावलं.

कोणत्या हॉटेलच्या चादरी गेल्या, कुठल्या उशांचे अभ्रे आलेच नाहीत, सगळं मी त्यातच बघते. नाव बदललं की सगळी हॉटेलं पहिल्यापासून भरते, ती काय हौस म्हणून? तुझ्या खोकीवाल्यानं ते एकदा तरी उघडलं का? टाय दिसला की तू वाकतोस. माझ्या वाफेच्या दुकानात मात्र विकायला कधी फिरकला नाहीस. बहिणीला विचारायची लाज वाटते, परक्याच्या सोफ्यावर घडी होऊन पडायची वाटत नाही.

पैसे का भरले नाहीत? उद्या वर्गणी थांबवली तर माझ्या नोंदी कुठे जाणार, ते तुझ्या गुळगुळीत माहितीपत्रकात नाही. माझ्याच कपाटाची किल्ली दरमहा विकत घ्यायला मी खुळी नाही. ये आणि समोर बसून सांग. इथे लाकडी स्टूल आहे, गुडघे जागेवर राहतील.

माया आहे म्हणून इतकं लिहिलं.
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्टुलाला पाठ नाही, ही तक्रार वेगळी. परवा तुझ्या सगळ्या नोंदी बाहेर काढून कागदावर छापून दिल्या, तेव्हा तू तो कागद डाग शोधल्यासारखा उजेडात धरलास आणि मगच वर्गणीच्या करारावर सही केलीस. साहेबांनी मला विचारलं, कुठला डावपेच वापरलात? म्हटलं, गिऱ्हाइकाला विचारलं. ते आता त्यांनी फळ्यावर लिहिलंय, कंपनीचं नवं धोरण म्हणून.

नोकरी राहिली. खोकीवाला अजून विचार करतोय.

अण्णांचं खातं बंद केलं. त्यांच्या नावचा महिना मी माझ्या पगारातून भरला. त्यांनी जन्मात कुणाचं फुकट घेतलं नव्हतं. तू यात पडू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
धाकटा