मागच्या गादीवर

१ डिसेंबर १९६३, तारापूर

पोहोचलो एकदाचा! बोईसर स्टेशनवरून टांग्यानं आलो. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं आणि तोंडावर समुद्राचा गार वारा. आमच्या वाईची थंडी याच्यापुढे कोरडी वाटते. उद्यापासून नव्या रस्त्याची मोजणी सुरू. दीनानाथ सावे यांच्या वाडीत खोली मिळालीय. गृहस्थ चाळिशीचे, एकटे, फार अगत्याचे. झोप मात्र येत नाही म्हणाले. डोळे अगदी खोल गेलेत.

आणि वाडीच्या टोकाला पेंढ्याखाली काय सापडावं? फटफटी! लढाईच्या वेळची, विलायती, मागे बसणाऱ्यासाठी वेगळी गादी. दीनानाथभाऊ म्हणाले, दुरुस्त करा, रंगवा, खुशाल वापरा. एकच अट: पत्रा घासायचा नाही, होता तोच हिरवा रंग वरून मारायचा.

८ डिसेंबर

सारा रविवार इंजिनपाशी गेला. कार्बोरेटरमध्ये मुंग्यांचं वारूळ, चेन गंजून काठीसारखी ताठ. सगळं रॉकेलमध्ये बुडवून ठेवलंय. हात काळे, मन प्रसन्न.

वाडीत झाडलोट करायला हिरा येते. डोंगराकडच्या पाड्यावरची, अबोल. फटफटी पाहून ती थबकली. शेट आठ वरसं हिला हात लावत नाय, एवढंच म्हणाली आणि झाडू लागली.

२२ डिसेंबर

नवव्या किकला सुरू झाली! मी एकटाच ओरडलो. लगेच बोईसरला चक्कर मारली. सुरुवातीला वाऱ्यासारखी पळाली. खाडीच्या पुलापासून पुढे मात्र जड वाटू लागली. मागचं चाक दबलेलं, वळणावर तोल एका बाजूला. स्प्रिंग जुनी झाली असावी.

गंमत अशी की स्टेशनसमोरच्या चहावाल्यानं दोन कप भरले. बाई आत बसतील का, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, कोण बाई? त्यानं माझ्यामागे पाहिलं आणि दुसरा कप उचलून नेला.

२९ डिसेंबर

टाकीला हिरव्या रंगाचे दोन हात दिले. आरशासारखी चकाकते. दुपारी कडक उन्हात दोन्ही गाद्यांना हात लावला. पुढची तापलेली. मागची गार आणि ओलसर. पुसली. पुन्हा ओलसर. बोटांना मीठ लागलं.

स्प्रिंग बदलली आहे. वजन तेवढंच.

५ जानेवारी १९६४

पुढच्या मडगार्डवर रंग बसेना. फुगून सुटत होता. शेवटी अट मोडली आणि काचकागद घेतला. खाली मूठभर पुट्टी, तिच्याखाली खोल पोचा. पुट्टी खरवडली तर आत हिरव्या काचेचे तुकडे निघाले. बांगडीचे. एकाला लांब केस चिकटलेला.

तुकडे काड्यापेटीत ठेवलेत.

१२ जानेवारी

हिराला तुकडे दाखवले. खाली बसून तिनं एक तुकडा उजेडाला धरला.

“पारूच्या हातात याच व्हत्या,” ती म्हणाली. “आमी दोगींनी बाजारात एकदमच भरल्या.”

पारू तिची धाकटी बहीण. याच वाडीत कामाला होती. आठ वर्षांपूर्वी, थंडीतच, संध्याकाळी घरी निघाली ती पोहोचलीच नाही. कुणी म्हणालं मिठागरावर गेली, कुणी म्हणालं पळून गेली. आई वाट बघत मेली.

हिरानं विचारलं, कुठं सापडल्या. मी फटफटीकडे बोट दाखवलं. ती रडली नाही. उठून चालू लागली, ती पाड्याकडे नव्हे, पालघरच्या रस्त्याला. पोलीस ठाण्यात जायचं म्हणाली. मीही येतो, म्हटलं. उद्या.

१३ जानेवारी

सकाळी दीनानाथना सरळ विचारलं. मला वाटलं, अंगावर धावून येतील. ते पायरीवर शांत बसले आणि सगळं सांगितलं.

वळणावर त्यांच्या फटफटीची धडक बसली. पारू जिवंत होती. त्यांनी तिला मागे बसवलं, कमरेला घट्ट धर म्हणाले, पालघरच्या दवाखान्यात न्यायला निघाले. ती सारखी विचारत होती, शेट, दवाखाना आला का? पुलाशी आल्यावर त्यांना भीती वाटली, लोक विचारतील. त्यांनी तिला पुलाखाली चिखलात उतरवलं. आला, असं सांगितलं. भरती यायची होती.

मी म्हटलं, जीव होता तिच्यात? ते म्हणाले, हाका मारत होती.

मग त्यांनी माझा हात धरला. “तुमी ती चालवाया लागल्यापासून मला झोप लागते हो,” म्हणाले. हसत होते.

म्हणून दिली. म्हणूनच मला दिली.

१४ जानेवारी, सकाळी दहा

काड्यापेटी खिशात. काल जाणं झालंच नाही; हिराचा निरोप आलाय, ती पालघरच्या ठाण्यापाशी थांबलीय. टांगा नाही, आज संक्रांत. चालत गेलो तर दीनानाथ गाठतील. फाटकात उभे आहेत. फटफटीशिवाय इलाज नाही. भर दिवस आहे. भर दिवस आहे.

पुलावर

बंद पडली. ऐन मधोमध. किक बसत नाही — वही टाकीवर ठेवून लिहितोय. उतरता येत नाही. कमरेला हात आहेत. ओले. उजव्या मनगटावर एकच बांगडी, फुटकी —

विचारतेय. दवाखाना आला का.

म्हटलं, नाही, अजून नाही, मी नेतो तुला, अगदी दारापर्यंत नेतो. पुन्हा तेच. शेट, आला का?

मी शेट नव्हे. ओरडून सांगितलं. माझं नाव सांगितलं. तिला तोंड दिसत नाही माझं — पाठ दिसते फक्त, आणि ही हिरवी गाडी —

पाणी चढतंय. हात आवळतायत. म्हणते, या वेळी तुमी पण उतरा, शे