जास्वंदीचं औषधपाणी

निजामपुरा, भिवंडी

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या केसरीनाथाचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा तो मनातल्या मनात घातला आहे असे समजावे). तुझा रक्तदाब, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या कोन गावच्या रस्त्याची धूळ ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आई तुझ्याकडे सुखात असेलच. इथे नाही म्हणजे सुखात असणार, हा न्याय तीच मला शिकवून गेली.

पत्रास कारण जास्वंद. (फोनवर बोललो असतो, पण आई शेजारीच बसलेली असते.) इथल्याच पूर्णा गावचं आपलं घर गोदाम बांधायला गेलं तेव्हा आईने दारच्या जास्वंदीच्या दोन फांद्या तोडल्या, एक तुला, एक मला. तुझी सुकली असं तू कळवलंस. माझी गॅलरीत जगली, आणि कोनला निघताना आई बजावून गेली, "फुलं धरली की सांग, मी येते. देवाला बाजारचं फूल मला चालत न्हाय." (मुलासाठी येते असं म्हणाली नाही, आपल्या घरात तशी वाक्यं म्हणायची रीत नाही.)

तर पानांवर पांढरं काही दिसू लागलं. मी तुला फोटो धाडला आणि तू, बहुधा चष्मा न लावता, निदान केलंस: पिठ्या ढेकूण. मग तुझे घरगुती उपाय सुरू झाले. आधी कडुनिंबाचं तेल नि भांड्याचा साबण, त्यावर लसूण-मिरचीचं पाणी, त्यावर आंबट ताक, त्यावर तंबाखूचा काढा. आमची चंद्रा म्हणाली, "अहो, झाड हाय ते, मिसळ न्हाय." मी तिला ऐकवलं की औषधात शंका घेऊ नये असं शास्त्र सांगतं (कोणतं, ते तिने विचारलं नाही हे बरं झालं), आणि भर दुपारच्या उन्हात फवारलं. पानं करपली. पांढरं मात्र रोज ताजं.

परवा तेच पांढरं खाली उभ्या स्कूटरच्या सीटवर दिसलं. स्कूटरला ढेकूण पडत नाहीत, एवढं वनस्पतिशास्त्र संस्कृतच्या मास्तरालाही येतं. मागच्या गल्लीत कापड विणायचे नवे लूम लागलेत, त्यांची रुई वाऱ्यावर येते. उभा जन्म भिवंडीत काढून मी कापसाला लसूण पाजत होतो. नुसतं पाणी मारलं असतं तरी भागलं असतं. आता कुंडीत एक काळी काडी उभी आहे, आणि तिला फोडणीचा वास येतो.

थोरांस नमस्कार, भाचा भाविक यास आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक (त्याचं फळ वर लिहिलंच आहे),
केसरीनाथ

ता. क. आईला हे वाचून दाखवू नकोस. तुझ्या मोरीमागे जी जास्वंद आहे (तीच, सुकलेली, होळीला आलो तेव्हा माझ्या डोक्याच्या वर गेली होती), तिची एक फांदी भाविकबरोबर गुपचूप धाड. आई यायच्या आत लावतो.

पुनश्च. पाकीट चिकटवणार तोच आईचा फोन आला. म्हणाली, "आक्काच्या परसात रोज टोपलीभर फुलं येतात रे. आता मी हितंच ऱ्हाते. तुला उगा तरास कशाला?" मी बरं म्हटलं.

फांदी राहू दे, आक्का. आईला पाठव.