आईच्या सुरीचा उतार

९ मे

प्रिय मात्रोनाताई,

आईच्या सुरीला धार लावायला मला मागच्या जूनमध्ये चार मिनिटं लागली. ती धार निस्तरायला अख्खा हिवाळा, अंगठ्याचं एक नख आणि अर्धं बोट पोलाद गेलं.

बाकी आम्ही खुशाल. नदीवरचा बर्फ परवा फुटला. तुझ्या भावजयीची, ओलिंकाची, कंबर धरलीय, जीभ मात्र ठणठणीत. "पत्र लिहायला काय मोटर लागते?" म्हणून रोज टोचते.

तर लिहितो. तू येण्याआधी मी ती सुरी खुंटीवरून काढली. म्हटलं, ताईला खूश करू. त्या अर्धगोल पात्याचा उतार, म्हणजे धारेकडे एकाच अंगाने घासलेला तिरपा भाग, मला उलट्या बाजूला दिसला. वाटलं, म्हाताऱ्या आईचा हात चुकला असणार. विजेच्या चाकावर धरून मी तो सगळ्या बायकांच्या सुऱ्यांसारखा 'सरळ' करून टाकला. आणि तुला बोललो नाही.

तू वाळवायचे मासे पट्ट्या करून कापायला बसलीस. पहिल्याच सॅमनला पातं काट्यावर खरखरलं. होडीचं इंजिन लांबून येतानाच त्यात काय बिघडलंय ते मला ऐकू येतं, ताई. ती खरखरही आली. तरी सगळ्या बायकांसमोर मीच म्हणालो, "शहरात राहून हात गंजला वाटतं!" सगळ्या हसल्या. तू फाटलेल्या पट्ट्यांकडे बघत म्हणालीस, "असेल रे बाबा. आईची सुरी तर खोटं बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरी धुऊन ठेवलीस आणि मासे वाळायच्या आत विमानाने परत गेलीस.

त्याच दुपारी ओलिंकाने ती उचलली. "अगं बाई! इतकी वर्षं ही माझ्या हातात वळत नव्हती, आज लोण्यासारखी चालतेय!" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आई डावखुरी, तू डावखुरी. उतार डाव्या हातासाठीच होता, चुकलेला नव्हताच. हे मला कळायला एक दिवस लागला. सांगायला अकरा महिने.

सुरी पुन्हा पहिल्यासारखी करताना चाकाला हात लावला नाही. रोज जेवणानंतर कानस, मग पाणी लावून घासायचा दगड. पातं गोल फिरवत, मधेच थांबायचं नाही. उतार परत आईच्या बाजूला आणला. पातं अरुंद झालंय, पण धार अशी बसलीय की सॅमनच्या पाठीवर नुसती टेकवली तरी पट्टी सुटून यावी. अशी धार या नदीवर दुसऱ्या कुणाच्या घरी नाही.

तुझा हात गंजलेला नव्हता. हे मी गेल्या रविवारी चर्चबाहेर त्याच बायकांना सांगितलं. या खेपेला त्या मला हसल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मासे वर येतील. तू ये. आपल्या घरात आता डावखुरं कुणी उरलेलं नाही. उतार परत आल्यापासून त्या सुरीने अजून एकही मासा कापलेला नाही.

तुझा चुकलेला भाऊ,
इव्हॉन