‘मला’ऐवजी शळघ

तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली. तुझ्या घरचे पंचवीस म्हणतात. सव्वीस बरोबर आहे. मी अजून राजवाड्यामागच्या त्याच गल्लीत राहतो आणि अंधशाळेसाठी ब्रेल पुस्तकांची पानं तपासतो, डोळ्यांनी. एक ठिपका पुसट असला तरी पान परत करतो, त्यामुळे छापणारे मला टाळतात. गेल्या मंगळवारी तिथं नव्यानं लागलेल्या मुलीनं नीट माझ्याकडे तोंड करून विचारलं, की सर, हे तुम्हाला कोणी शिकवलं. मी नेहमीचं उत्तर दिलं, कोणी नाही, माझं मीच शिकलो. तिनं आदरानं मान डोलावली. घरी आलो आणि ब्रेलची पाटी काढून हे टोचायला बसलो.

कान माझे आठव्या वर्षीच गेले होते, पण कॉलेजात ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि होऊ नये याची मी फार काळजी घेत असे. केस कानांवर, बाक पहिला, नजर प्राध्यापकांच्या ओठांवर. ते फळ्याकडे वळले की माझ्यापुरता तास संपला. तू पापनाशमहून सकाळच्या पॅसेंजरनं यायचास, काठी बाकाखाली सारून माझ्या शेजारी बसायचास, आणि बोलायचास ते खिडकीशी. तिसऱ्या दिवशी मी चिडून म्हणालो, माझ्याकडे तोंड करून बोल. तू काहीतरी उत्तर दिलंस, तेही खिडकीलाच. मी हनुवटी धरून तुझं तोंड वळवलं, तेव्हा तू ते पुन्हा म्हणालास, कॉलेजातली तमिळ सोडून आपल्या घरच्या मराठीत, शेवटचा ‘डा’ तेवढा तमिळ.

‘तुझं तोंड कुठं आहे ते मज काय ठाऊक, डा?’

मग जरा थांबून म्हणालास, ‘तुला ऐकू येत नाही.’ विचारलं नाहीस, सांगितलंस. त्यानंतर बोलण्याआधी तू माझ्या बाहीला हात लावून मी कुठं आहे ते पाहायचास आणि मग तोंड वळवायचास. जवळजवळ तीन वर्षं, एकदाही चुकला नाहीस. कुणाला सांगितलंही नाहीस.

तासाला तू ब्रेलच्या पाटीवर टोचणीनं टिपणं घ्यायचास. फळ्यावरचं मला दिसे, बोललेलं तुझ्या कागदावर असे. तो कागद मला वाचता येत नव्हता, एवढीच अडचण होती. मधल्या सुट्टीत तू माझं बोट धरून एकेक अक्षर दाखवू लागलास. मी बोट काढून घेतलं, डोळ्यांनी वाचतो म्हणालो. तू म्हणालास, वाच, तुझ्याकडे डोळे जास्तीचे आहेत. सहा आठवड्यांत तुझी तमिळ टिपणं मी वाचू लागलो. मग तू दाखवलंस की एका उच्चाराला ठिपके तेच, तमिळ असो की मराठी. आपल्या दोघांच्याही घरी देवनागरी कुणाला वाचता येत नव्हती. मी ती पुष्कळ नंतर शिकलो, आणि ती मात्र खरोखरच माझी मी. म्हणजे घरची भाषा मी पहिल्यांदा वाचली ती ठिपक्यांत, तुझ्या हातची.

लिहायला मी तुला न विचारता लागलो. कागद मागच्या बाजूनं टोचायचा म्हणून उजवीकडून डावीकडे जायचं, हे पाहून ठेवलं होतं. प्रत्येक अक्षरातले ठिपकेही उलटे टोचायचे असतात, हे ध्यानात आलं नव्हतं. पहिली चिठ्ठी तुला दिली ती ‘मला सगळं येतं’ अशी. तू बोट फिरवलंस, थांबलास, पुन्हा पहिल्यापासून फिरवलंस.

‘शळघ,’ तू म्हणालास. ‘हे शळघ कोण? तुमच्याकडचे कुणी मामा?’

म उलटला की श होतो, ल उलटला की ळ, आणि आ चा घ. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू माझी मूठ आपल्या मुठीत धरून टोचणी चालवलीस, आणि तेव्हापासून माझं नाव शळघ पडलं.

शेवटच्या वर्षी फळ्यावरची कोष्टकं मी तुझ्यासाठी टोचून देत असे. त्यांतलं एक पान विभागप्रमुखांच्या हाती लागलं. व्हरांड्यात, सूचनाफलकापाशी, सगळ्यांपुढे त्यांनी विचारलं, हे कोणी शिकवलं. तू माझ्या डावीकडे उभा आहेस. मी म्हणतो, ‘माझं मीच शिकलो, सर.’ ते पाठ थोपटून जातात. तू माझ्या बाहीला हात लावतोस, मी कुठं आहे ते पाहून घेतोस, आणि मग तोंड पलीकडे, फलकाकडे वळवून काहीतरी म्हणतोस. मी ‘काय?’ म्हणून विचारतो. तू नुसती मान हलवतोस.

पुढच्या वर्षी तू काविळीनं गेलास. त्या दिवशी तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही, असंच मी आजवर धरून चाललो आहे, आणि ते अक्षरशः खरं आहे.

पण फलकाला काच होती. तुला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. काचेत तुझे ओठ स्वच्छ दिसत होते. ‘मी कुणाला सांगत नाही, शळघ,’ असं तू म्हणालास.

हे पान कुठंही जायचं नाही, खणात राहील. तपासून पाहिलं, एकही ठिपका पुसट नाही. फक्त शेवटच्या ओळीत ‘मला तू शिकवलंस’ असं हवं होतं, तिथं ‘मला’ऐवजी शळघ पडलं आहे. पान परत केलं नाही.