वाचक म्हणतील तसं

३ मार्च, सोमवार

आले बाई एकदाची. दोन बॅगा, एक वळकटी आणि कुकर घेऊन जिने चढले आणि खोलीत पाय ठेवल्याठेवल्या हसूच आलं. खोली कसली, काडेपेटीच ती. पण खिडकी मोठी आहे, ऊन येतं, नळाला पाणी आहे आणि ऑफिस खालच्याच मजल्यावर. म्हणजे उशीर झाला की सबब सांगायचीही सोय नाही. दाराची कडी तेवढी हट्टी आहे, जरा वर उचलून सरकवावी लागते. मालक म्हणाले, दुरुस्त करून देतो. हे 'करून देतो' मी बरंच ऐकलंय आयुष्यात.

ही वही धाकट्याने दिली. माझा भाऊ सैन्यात आहे, लांब पठारावरच्या एका चौकीवर. तिथे म्हणे थुंकलं तर थुंकी वाटेतच गोठते. थापा मारण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. रविवारी त्याला थोडा वेळ फोन मिळतो आणि तो आमचा भांडण्यात जातो. म्हणून म्हणाला, ताई, तू सगळं लिहून ठेव, रजेवर आलो की वाचेन. वाच बाबा. आईबाबा गेल्यापासून आम्हाला दुसरं आहे कोण?

तर काम असं. आमचं प्रकाशन एक विज्ञान-थरारकथा छापतं, दर शुक्रवारी एक पुस्तिका. एका चौकीखालच्या प्रयोगशाळेतून काही भयंकर प्राणी सुटलेत आणि वरचे सैनिक त्यांच्याशी लढताहेत. शेवटच्या पानावर ऑफिसचा नंबर असतो. वाचक फोन करून मत देतात, ते मी ऐकायचं आणि शनिवारी लेखक आले की त्यांना सांगायचं. त्या मतांप्रमाणे ते पुढचा भाग लिहितात. मालकांना याचा केवढा अभिमान! त्यांच्या खुर्चीमागे पाटीच लावलीय: वाचक म्हणतील तसं.

७ मार्च, शुक्रवार

कान लाल झालाय माझा. सकाळपासून फोन खाली ठेवला नाही.

पहिले एक आजोबा. बोलताना सतत शेंगदाणे खातात, कुडुमकुडुम ऐकू येतं. त्यांना गोष्ट फार आवडते, मला पहिल्याच फोनला 'बेटा' म्हणाले. मग एक मास्तर. यांचं काम म्हणजे चुका काढणं. मागच्या भागात प्राण्याला सहा पाय होते, या भागात आठ कसे? मी म्हटलं, वाढत्या वयाचा असेल. मास्तर हसले नाहीत.

त्या प्राण्यांना गोष्टीतले सैनिक 'घुमे' म्हणतात. ते श्वास घेत नाहीत, त्यांना तोंडही नाही. ऐकलेला आवाज त्यांच्या कातडीवर उमटतो आणि हवा तेव्हा ती कातडी तो आवाज परत काढते. धुक्यातून कॅप्टनचा हुकूम ऐकू येतो, माणसं धावत जातात, आणि कॅप्टन असतो मागेच. वाचताना माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण वाचकांची एकच तक्रार आहे: घुमे जिवंत वाटतात आणि सैनिक लाकडाचे. सगळे नुसते गोळ्या झाडतात आणि ओरडतात.

८ मार्च, शनिवार

लेखक आले. मला वाटलं होतं, कोणी तरी उग्र माणूस असेल. हे तर निवृत्त विज्ञानशिक्षक, स्वेटरचं बटण तुटलेलं, चहा बशीत ओतून पितात. वाचकांची तक्रार सांगितली तर बिचारे कानकोंडे झाले. म्हणाले, मी आयुष्यात एकही सैनिक जवळून पाहिलेला नाही.

मग काय, मी सुटले. धाकट्याचं सगळं पुराण सांगितलं. शाळेत पैज लावून नळ चावला आणि पुढचा दात अर्धा तुटला, ते सांगितलं. तेव्हापासून शिट्टी वाजवताना वारा गळतो, म्हणून त्याच्या त्या लाडक्या गाण्यात बरोबर एकाच जागी तो थांबतो, श्वास घेतो आणि पुढे जातो. दुधावरची साय दिसली की ओकारी काढतो आणि कोंबडीला अजून घाबरतो. घंटा कधी वाजवत नाही, जिन्यावरूनच शिट्टी घालत येतो आणि दाराशी बोंब मारतो, ताई, दार उघड, पाय मोडले माझे! लेखक पोट धरून हसले. लिहून घेतलं नाही काही. नुसतं ऐकत होते.

१४ मार्च, शुक्रवार

अगं बाई! धाकटा पुस्तकात आला! नाव 'शिट्टी' ठेवलंय, पण दात तोच, साय तीच, गाणंही तेच. कोंबडीसुद्धा सोडली नाही. या भागात डबा उघडताना त्याचा तळहात कापतो आणि तो रक्त बघून नाही, शिवलेले टाके बघून बेशुद्ध पडतो. अगदी आमचं ध्यान.

वाचक खूश. शेंगदाणेवाले आजोबा म्हणाले, बेटा, हा पोरगा घरातलाच वाटतो. माझी मान एवढी ताठ झाली की काय सांगू.

१६ मार्च, रविवार

धाकट्याचा फोन. हाताला पट्टी आहे म्हणाला. डबा उघडताना कापला, टाके पडले. टाके बघून पडला का, असं मी विचारलं तर म्हणाला, तुला कुणी सांगितलं?

मी पुस्तिकेचं सांगितलं. तो खो खो हसला, मीही हसले. डबे काय, कुणाचाही हात कापतात.

२३ मार्च, रविवार

लिहावंसं वाटत नाही, पण त्याला कबूल केलंय.

परवाच्या भागात चौकीचा स्वयंपाकी धुक्यात हरवतो. शिट्टीची हाक ऐकून बाहेर जातो, पण शिट्टी आत झोपलेला असतो. आज धाकट्याचा फोन आला, आवाज बसलेला. त्यांचा स्वयंपाकी बेपत्ता आहे. मी लेखकांना कधीही कुठल्या स्वयंपाक्याबद्दल बोलले नव्हते, मलाच माहीत नव्हतं असा कोणी आहे ते. धाकटा म्हणाला, ताई, सगळे माझ्याकडे विचित्र बघताहेत, तो जाताना म्हणाला म्हणे की मी बाहेरून हाक मारली. मी तर झोपलो होतो गं.

मी त्याला म्हटलं, चौकीबाहेर जाऊ नकोस. तो म्हणाला, सैन्यात असं आपल्याला विचारून ठरवत नाहीत. 

२८ मार्च, शुक्रवार

आज फोनवर सगळ्यांचं एकच. आता शिट्टी गेला पाहिजे.

रागाने कुणी म्हणत नाही, हेच तर वाईट आहे. प्रेमाने म्हणतात. एक बाई म्हणाल्या, खूप दिवसांत पोटभर रडले नाही. शेंगदाणेवाल्या आजोबांनी आज शेंगदाणेही बाजूला ठेवले होते. म्हणाले, "बेटा, जीव लावलाय ना त्याला, म्हणून म्हणतो. तो गेला तरच गोष्ट लक्षात राहील."

मी विचारलं, आजोबा, तुमच्या घरातला असता तर? ते म्हणाले, घरातलाच आहे की.

२९ मार्च, शनिवार

खोटं बोलले. लेखकांना सांगितलं, सगळ्यांचं मत आहे की शिट्टी जगायला हवा. एकूण एक वाचकाचं.

त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, सगळ्यांचा एवढा जीव आहे? मग त्याच्या जाण्याने केवढा धक्का बसेल!

मी त्यांचे पायच धरले. हात, टाके, स्वयंपाकी, सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. बशीतला चहा गार झाला तरी बसून होते. मग म्हणाले, हे माझ्या हातात असतं तर मी स्वयंपाकीही मारला नसता, मला आवडायचा तो. मतं ऐकून घरी जातो आणि भाग आपोआप उतरतो. दुसरं काही लिहायला गेलो तर हात चालत नाही.

मी म्हटलं, एवढं एकच करा. तो घरी येऊ दे. शेवटी म्हणाले, "शब्द देतो. शिट्टी घरी येईल."

देव भलं करो त्यांचं.

४ एप्रिल, शुक्रवार

शब्द पाळला! चौकी पडते. कॅप्टनसकट सगळे जातात. शेवटच्या पानावर धुक्यातून एकटा शिट्टीच बाहेर येतो, गाणं शिट्टीवर वाजवत. तो घराकडे चालायला लागतो.

ऑफिसात सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. मालकांना वाटलं, गोष्टीमुळे. मग रडता रडताच लक्षात आलं की बाकीचे सगळे गेलेत. त्याच्या चौकीवरचे सगळे. त्यांनाही कुठे तरी ताया असतील. मी फक्त माझ्यापुरतं मागितलं.

६ एप्रिल, रविवार

फोन नाही. दिवसभर फोनशेजारी बसून होते. जेवले नाही.

त्यांच्या मुख्यालयाला लावला. वादळाने लाइन तुटल्यात म्हणाले, काळजी करू नका. यापुढे काही सांगेनात.

७ एप्रिल, सोमवार

मास्तरांचा फोन. चूक सापडली म्हणाले. शिट्टी गाण्यात एका जागी थांबून श्वास घेतो ना? मग शेवटच्या पानावर त्याने पूर्ण गाणं न थांबता कसं वाजवलं?

मी पुस्तिका काढून बघितली. खरंच. 'सलग' असा शब्द आहे. मी वाचला होता आणि माझ्या डोळ्यांना दिसला नव्हता.

मास्तर म्हणाले, घुमे श्वास घेत नाहीत. म्हणजे बाहेर आला तो शिट्टी नाहीच. वा, काय डोकं लावलंय तुमच्या लेखकांनी!

मी म्हटलं, छपाईची चूक आहे. फोन आपटला.

८ एप्रिल, मंगळवार

मास्तरांनी चार लोकांना सांगितलं असणार. सगळे तेच म्हणताहेत. सगळ्यांना भयंकर आवडलंय. मी रिसीव्हर काढून ठेवला तर मालकांनी परत लावला आणि स्वतः ऐकायला बसले. मतं आता मालकच कळवणार लेखकांना. माझी तब्येत बरी दिसत नाही म्हणाले.

९ एप्रिल, बुधवार

धाकट्याचा फोन आला! रजा मिळाली. शनिवारी येतोय. ताई मी बरा आहे लाइन बंद होत्या सगळं ठीक आहे तू कशी आहेस शनिवारी दुपारी पोचतो दूध आणून ठेव.

हुश्श. त्याचाच आवाज. अगदी त्याचाच.

नंतर

दूध आणायला गेले होते. रस्त्यात मधेच थांबले. तो एवढं सगळं बोलला, मधे कुठे श्वास घेतला? मी असं लिहिलंय वर, स्वल्पविरामच नाहीत. मी मुद्दाम नाही लिहिलं तसं. तसंच ऐकलं.

फोनवर नसतो येत ऐकू. श्वास कुणी ऐकतं का फोनवर?

१० एप्रिल, गुरुवार

लेखकांच्या घरी गेले. म्हटलं, तो खरा शिट्टी आहे असं लिहा. त्यांचे डोळे सुजलेले. म्हणाले, लिहून झालंय. घरी येईल असा शब्द दिला होता, येतोय. कोण येतंय ते मी नाही ठरवलं.

मग हळूच विचारलं, तुमच्याकडे जायला दुसरी जागा आहे का?

कुठे जाऊ? आणि धाकटाच असला तर? एवढ्या लांबून येऊन त्याला दाराला कुलूप दिसलं तर?

११ एप्रिल, शुक्रवार

भाग आला. शिट्टी वाजवत जिना चढतो. वरच्या मजल्यावर बहीण. हट्टी कडी. कडीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं —

दाराशी गोष्ट संपते. खाली प्रश्न छापलाय: बहिणीने दार उघडावं का?

दिवसभर फोन, मालक दमले की माझ्याकडे देत. उघडावं. उघडावं. आजोबा म्हणाले, बेटा, उघडायलाच हवं, नाही तर एवढं वाचून काय उपयोग? मास्तर म्हणाले, शास्त्रीयदृष्ट्या नको, पण वाचक म्हणून उघडू दे.

खालच्या दुकानातून मीही ऑफिसला फोन केला. मालकांनी उचलला. आवाज बदलून म्हटलं, नको. ते म्हणाले, बाई, तुम्ही एकट्याच आहात.

१२ एप्रिल, शनिवार

दुपार. लख्ख ऊन. दूध तापवलं, साय काढून टाकली. दाराला आतून खुर्ची लावली.

जाऊन लपावं म्हटलं, तर पाय जिन्याकडे वळत नाहीत. दाराकडे मात्र वळतात. लेखक म्हणाले तसं, दुसरं काही करायला गेलं की —

खालचं फाटक वाजलं.

शिट्टी. तेच गाणं. तो एक जिना चढला. गाण्यात ती जागा अजून यायचीय.

खुर्ची बाजूला झालीय. मीच केली असणार.

दाराशी थांबलं. म्हणतोय, "ताई, दार उघड, पाय मोडले माझे."

तुझाच आवाज रे. माझ्या धाकट्याचा. मी म्हटलं, आधी गाणं वाजव. सुरुवातीपासून. तू जिथे थांबतोस तिथे थांब, बस, माझं दुसरं काही मागणं नाही.

वाजवतोय. वही दाराला टेकवून लिहितेय. डावा हात कडीवर आहे, मी ठेवला नाही. कडी वर उचलली गेलीय. तू थांबलास तरी उघडणार आणि नाही थांबलास तरी —

आली ती जागा. आता घे श्वास. धाकट्या, घे ना रे, आता —